गिटारचं पिक कसं निवडायचं? सुरुवात जुन्या एटीएम कार्डापासून

मागच्या भागानंतर मेहकरहून एका ऐकणाऱ्या मित्राचा मेसेज आला: "भाऊ, सहा महिने झाले, माह्या हातानं गिटार काही वाजत नाही. पत्र्यावर काठी हाणल्यासारखा आवाज येते. विकून टाकू का?"

मी म्हटलं, थांब राजा. आधी पिकचा फोटो पाठव. फोटो आला. पिकवर आकडा होता १.५. म्हणजे दीड मिलिमीटर जाड! एवढ्या जाड पिकने नवशिक्या माणसाने जोरात स्ट्रमिंग केलं, तर दुसरं काय होणार? हात ठीक होता, गिटारही ठीक होती. म्हणून आजचा भाग पिकवर.

आपल्या जिल्ह्यात पीक म्हटलं की सोयाबीन, कपाशी आठवते. हे पिक म्हणजे तार छेडायचा तो छोटा तुकडा. ही कल्पना आपल्याला काही नवी नाही. सतारवादक बोटात तारेची मिजराब घालतात. सरोदवादक जवा धरतात, तो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा असतो. गिटारवाल्यांनी प्लास्टिक घेतलं, एवढंच.

पहिली गोष्ट: जाडी. ०.६० मिमीच्या खालचं पिक पातळ, ०.६० ते ०.८० मध्यम, त्याच्या वर जाड आणि दीडच्या आसपास गेलं की फारच जाड. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून "मीडियम" या शब्दापेक्षा आकडा वाचा.

फरक का पडतो? पातळ पिक तारेला लागलं की स्वतः वाकतं. तुमच्या हाताचा जादा जोर ते खाऊन टाकतं. म्हणून सहाही तारा एकसारख्या, हलक्या आणि चमकदार वाजतात. पण एकच तार वाजवायला गेलात तर ते लवचिक टोक उशिरा सुटतं आणि वर टकटक आवाजही येतो. जाड पिक वाकत नाही. हाताचा सगळा जोर थेट तारेत जातो. आवाज भरीव येतो, एकेक सूर स्वच्छ निघतो. पण हात जड असेल तर तोच जोर खडखडाट करतो. थोडक्यात, गाण्याला साथ करायची असेल तर ०.६० ते ०.७५, धून किंवा सोलो वाजवायचा असेल तर ०.८८ ते १.२.

दुसरी गोष्ट: आकार. नेहमीचं पिक साधारण ३० मिमी लांब आणि २६ मिमी रुंद, थेंबासारखं असतं. नवीन माणसाने तेच घ्यावं. जॅझ प्रकारचं पिक लहान आणि टोकदार असतं. टोक तारेवर कमी फिरतं, त्यामुळे वेगात वाजवायला बरं. मोठं त्रिकोणी पिक बरेच बेसवाले वापरतात. त्याला तीन टोकं असतात, एक झिजलं की फिरवून घ्यायचं.

तिसरी गोष्ट: पकड. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये वाजवणाऱ्यांनी हे नीट ऐका. घामाने गुळगुळीत पिक बोटातून सटकतं. उठावदार नक्षीचं नायलॉनचं किंवा मॅट, खरखरीत पृष्ठभागाचं पिक बरं पडतं. अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये पिक धरायचं. टोक बाहेर साधारण अर्धा सेंटीमीटरच ठेवा. घट्ट आवळू नका, नाहीतर मनगट आखडतं.

आता खरी अडचण. आपल्याकडे दहा प्रकारची पिकं हातात घेऊन बघता येतील असं दुकान जवळ मिळणं कठीण. ऑनलाइन मागवावं तर डझनाचं पाकीट, आणि नेमकं नको ते निघतं. त्यावर माझा उपाय सांगतो.

मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. चिप आणि काळी पट्टी आधी कापून नष्ट करा. कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे: ०.७६ मिमी. म्हणजे घरातच मध्यम पिकचा माल पडलाय! सिमकार्ड ज्या मोठ्या कार्डात येतं, तेही बहुतेक वेळा तेवढंच जाड असतं. थेंबाचा आकार आखा, कात्रीने कापा, कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा. कड खरखरीत राहिली तर तारेवर खर्रर्र वाजेल.

अशी दोन कार्डं घट्ट चिकटवली की दीड मिमीचं जाड पिक तयार. पातळ पिकसाठी आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापा. आता एकच गाणं तिन्हींनी वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना कान फसतो, रेकॉर्डिंग फसवत नाही. जे आवडेल त्याच्या जवळचा आकडा मग मागवा. डनलॉपच्या टॉर्टेक्स पिकमध्ये नारिंगी ०.६०, पिवळं ०.७३ आणि हिरवं ०.८८ असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी खरेदी सोपी होते. कार्डाचं पिक लवकर झिजतं, ते फक्त चाचणीसाठी.

आणि हो, जाड पिक वाईट असं समजू नका. क्वीन बँडचे ब्रायन मे तर सिक्सपेन्सचं नाणं घेऊन वाजवतात. पण त्यांचा हात तारेवर किती हलका पडतो ते बघा. जाड पिक आधी हलका हात मागतं.

मेहकरच्या मित्राने कार्ड कापलं आणि परवा व्हॉइस नोट पाठवली. चार कॉर्ड, एक अंतरा. ताल थोडा पळत होता, पण पत्र्याचा आवाज गेला होता. शेवटी म्हणतो, "भाऊ, विकत नाही आता."

तुमच्या पिकवर कोणता आकडा आहे? बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!