गांधीलमाश्यांचे पोळे आणि दिवाळीची झाडझूड

बैलपोळा सरून वऱ्हाडातल्या कपाशीला बोंडे धरू लागली, म्हणजे अंगणाच्या एखाद्या उपेक्षित कोपऱ्यात, पडवीच्या तुळईआड, विटांच्या ढिगाच्या पोटात किंवा गतवर्षीच्या पऱ्हाट्यांच्या राशीखाली एक लहानसे राज्य ऐन भरभराटीस आलेले असते आणि घरातील कोणासही त्याची खबर नसते. पुढे दिवाळीच्या झाडझुडीसाठी घरची बायामाणसे, गडी आणि मुले नेमकी त्याच कोपऱ्यात हात घालतात. अकोला-अमरावतीकडे गांधीलमाश्यांच्या दंशाचे प्रसंग या सुमारास ओढवतात त्याला दैव कारण नाही. वसाहतीची लोकसंख्या कळसास पोहोचण्याचा काळ आणि मनुष्याच्या स्वच्छतेचा काळ एकत्र येतो, हे त्याचे खरे कारण आहे. हे वेळापत्रक ज्याने एकदा मनाशी नीट जुळवून घेतले, त्याला पोळ्याच्या बंदोबस्तासाठी आग आणि विष यांची गरज फार थोड्या वेळा पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ओळख पटवावी, कारण डंख करणाऱ्या सर्वच माश्या एका जातीच्या नसतात. उंच झाडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली मेणाचे एकच मोठे उघडे पोळे लोंबत असेल व त्यावर हजारो माश्यांचा थर दिसत असेल, तर ते आग्यामोहोळ होय. त्याला हात लावण्याचा विचारही सामान्य माणसाने करू नये. ओल्या मातीचे मडके घडवणारी कुंभारीण एकांतवासी असते व सहसा कोणाच्या वाटेस जात नाही. छपराखाली छत्रीसारखे, राखी रंगाचे, उघड्या घरांचे पोळे असेल तर ते कागदी गांधीलमाशीचे. आणि जिच्यापासून खरी सावधगिरी बाळगावयाची, ती सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची मोठी गांधीलमाशी. तिच्या दोन जाती आपल्याकडे विशेष आढळतात: तांबूस अंगाची आणि पोटावर पिवळा पट्टा असलेली व्हेस्पा ओरिएंटालिस, आणि काळ्या पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा मिरवणारी व्हेस्पा ट्रॉपिका. दोघीही जमिनीतील बिळे, भिंतींची भगदाडे आणि झाडांच्या ढोली पसंत करतात. म्हणून पोळे दृष्टीस पडण्यापूर्वी एका छिद्रातून होणारी सततची ये-जा तेवढी दिसते.

या राज्याचा आरंभ एकाच मादीपासून होतो. उन्हाळ्याच्या तोंडी ही राणी जुन्या लाकडाचा वरचा थर जबड्यांनी खरवडते, लाळेत कालवते आणि त्या लगद्याची षट्कोनी घरे बांधते. हा लगदा वाळला म्हणजे अस्सल कागदच होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने 1719 मध्ये, चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता येईल अशी सूचना केली, ती याच जातकुळीतील कीटकांचे काम पाहून. पहिल्या कामकरी माश्या जन्मास येईपर्यंत बांधणे, शिकार करणे आणि पिल्ले जोपासणे हा सारा कारभार राणी एकटीच पाहते. त्यानंतर मात्र घरांचे मजल्यावर मजले चढतात आणि पावसाळा संपता संपता एका वसाहतीत शेकडो माश्या नांदू लागतात.

त्यांच्या उपजीविकेचाही थोडा विचार केला पाहिजे. प्रौढ माशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न तिला गिळता येत नाही. ती अळ्या, नाकतोडे व इतर कीटक पकडून त्यांचा चघळलेला गोळा आपल्या पिल्लांना भरवते आणि पिल्ले त्याच्या मोबदल्यात तिला पौष्टिक रस परत देतात. पिकांवरील अळ्या अशा रीतीने वेचल्या जातात, हा या शिकारणींचा उपकार होय. मधमाश्यांच्या पेट्यांवर त्या धाड घालतात, हा तितकाच खरा अपकार. तेव्हा त्यांना सरसकट शत्रू ठरवणे न्याय्य नाही आणि घरात मुभा देणेही शहाणपणाचे नाही. जागा पाहूनच निर्णय केला पाहिजे.

गांधीलमाशी विनाकारण अंगावर येत नाही. पोळ्याला बसलेला धक्का, जवळ झालेला कंप किंवा प्रवेशद्वारासमोर पडलेला अडथळा यांनी ती चवताळते, आणि विषाबरोबर बाहेर पडणारा इशाऱ्याचा गंध बाकीच्या वसाहतीला धावून येण्याचा जणू हुकूमच देतो. मधमाशीच्या नांगीला काटे असल्यामुळे ती आपल्या कातडीत अडकून राहते. गांधिलीची नांगी गुळगुळीत असल्याने एकच माशी अनेकदा डंख करू शकते.

म्हणून पहिला प्रश्न अंतराचा आहे. पोळे बांधाच्या टोकाला, वहिवाटीपासून दूर असेल तर त्याच्याभोवती निदान दहा मीटरांवर दोरी बांधून मुलांना व जनावरांना ताकीद द्यावी आणि थंडीची वाट पाहावी. हिवाळ्यात शिकार आटते, वसाहत विरळ होत जाते. कित्येक दिवस ये-जा बंद दिसली म्हणजे रिकामे पोळे काढून बिळाचे तोंड बुजवता येते.

परंतु पोळे दाराशी, गोठ्याशी किंवा शाळेच्या आवारात असेल तर इतका धीर धरता येत नाही. अशा वेळी टेंभा पेटवणे किंवा रॉकेल ओतणे हा सर्वांत घातक मार्ग होय. कडब्याची गंजी आणि पऱ्हाट्यांची रास शेजारी असताना एका ठिणगीने माश्यांऐवजी घरच जायचे. शेतातले कीटकनाशक पंपात भरून आणणेही तितकेच अविचाराचे. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले, हे वऱ्हाडाने विसरू नये. जे उघड्या शेतात घातक ठरते, ते बंद अंगणात निरुपद्रवी कसे होईल? जिवंत वसाहतीचे छिद्र मातीने लिंपल्यास माश्या दुसरी वाट कोरतात आणि ती कधी घराच्या आतही उघडते.

हे काम अग्निशमन दलाकडे चौकशी करून अथवा जाणत्या कीटक-नियंत्रकाकडून करवून घ्यावे. तो अंधार पडल्यावर, सर्व माश्या पोळ्यात परतल्या असता, जाड पोशाख, जाळीची टोपी व हातमोजे चढवून येतो आणि पायरेथ्रॉइड वर्गातील औषधाची भुकटी किंवा फवारा थेट छिद्रात सोडतो. शेवंतीच्या कुळातील एका फुलात सापडणाऱ्या विषाच्या नमुन्यावर बेतलेली ही रसायने कीटकांचे मज्जातंतू निकामी करतात. माश्या उजेडाकडे झेपावतात, म्हणून कोणी विजेरी हातात धरून जवळ उभे राहू नये आणि शिडीवर चढून हे धाडस तर मुळीच करू नये.

इतके करूनही हल्ला झालाच, तर हात न झाडता, तोंड झाकून, धावत बंद खोलीत शिरावे. विहिरीत उडी घेऊ नये. डंखाची जागा साबणाने धुऊन तिच्यावर बर्फ ठेवावा. लोखंड उगाळून लावण्याचा आपल्याकडील परिपाठ विषाला उतार देत नाही आणि त्यात गेलेला वेळ कधी प्राणावर बेततो. अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास कोंडणे, चक्कर येणे यांपैकी एकही लक्षण दिसताच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय असतो. डंख पुष्कळ असतील तर माणूस बरा दिसत असला तरी त्यास रुग्णालयात न्यावे. विषाने स्नायू झिजून मूत्रपिंडे बंद पडण्याचे भय असते आणि गडद रंगाची लघवी ही त्याची खूण होय.

ज्याला हा सारा प्रसंगच टाळावयाचा असेल, त्याने दिवाळीची वाट न पाहता चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा अंगणाची फेरी घालावी, भिंतींची भगदाडे वेळीच बुजवावी आणि पऱ्हाट्यांची रास घरापासून लांब रचावी. कार्तिकात ज्या पोळ्यासाठी शेजारीपाजारी गोळा करावे लागतात, ते त्या दिवसांत लिंबाएवढे असते आणि त्यावर एकटी राणी बसलेली असते.