पुढे वाय-फाय, मागे गोदामात नाही?

कोरेगावातलं घेवड्याच्या आडतीचं दुकान घ्या. राउटर पुढे काउंटरवर, आणि मागे गोदामात वजनाची नोंद करायला गेलं की नेट गायब. जाड दगडी भिंती आणि लोखंडी शटर वाय-फायच्या लहरी अडवतात. यावर स्वस्तातला रिपीटर घेऊ नका, एकाच बँडवर चालणारा तर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. त्यापेक्षा कॅट-६ केबल ओढा (१०० मीटरपर्यंत बिनधास्त) आणि गोदामात ॲक्सेस पॉइंट लावा.

जुना राउटर पडून असेल तर तोही चालतो. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि याचं डीएचसीपी बंद करा. हे महत्त्वाचं! नाहीतर दोन्ही राउटर आयपी वाटत बसतात आणि ऐन गर्दीत बिलाचा प्रिंटर सापडत नाही. केबल लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगवेगळे, १, ६ किंवा ११ पैकी.

गिऱ्हाइकांसाठी गेस्ट नेटवर्क मुख्य राउटरवरूनच द्या. जुन्या राउटरवरून दिलेलं गेस्ट बऱ्याचदा थेट तुमच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं.

मॉडेल कमेंटमध्ये टाका, सेटिंग सांगतो.