आडनाव आधी की गाव आधी?

आता आपण आडनावांच्या जन्माकडे येऊ. शेवटी ‘कर’ असेल तर साधारणपणे गाव आधी, आडनाव नंतर. पण तळेगावात राहणाऱ्याला कुणी तळेगावकर कशाला म्हणेल? तिथं तर सगळेच तळेगावचे. तो गाव सोडून दुसरीकडे गेला, की नवे शेजारी त्याला तसं म्हणू लागतात. म्हणजे हे स्थलांतराचं आडनाव.

आता पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसू. देहूरोडनंतर बेगडेवाडी लागतं. इथं घडण उलटी: बेगडे आधी, वाडी नंतर. पुढे घोरावाडी, मग तळेगाव. त्याचं पूर्ण नाव तळेगाव दाभाडे. शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाड्यांना सेनापती केलं, तेच हे घराणं. शिरूर तालुक्यात दुसरं तळेगाव आहे, तळेगाव ढमढेरे. दोन सारखी नावं वेगळी ओळखायला आडनावच कामी आलं.

इंग्रजीत एकाच नावानं दोन्ही प्रवास केले. डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावावरून एका घराण्याला आडनाव मिळालं. त्याच वंशातल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांचं नाव १७९१ मध्ये अमेरिकेच्या नव्या राजधानीला दिलं गेलं.

म्हणून आडनाव ऐकलं की लगेच कुणाची जात ठरवू नये. ‘कर’ फक्त गाव सांगतं, आणि त्या गावातून बाहेर पडलेले लोक अनेक जातींचे असतात. पवार, जाधव, गायकवाड ही आडनावंही अनेक जातींत आहेत. आपल्या घराण्याचा माग काढायचा असेल, तर जुना शाळेचा दाखला, सातबारा आणि फेरफार काढून बघा. नुसत्या आडनावावर भागत नाही.