उन्हात टायरमधली हवा काढू नका

मे महिन्यात शिरपूरचा पारा चाळिशीच्या वर चढला, की जुन्या फियाट-ॲम्बेसेडरवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ऊन फार आहे, चारही टायरमधली तीन-चार पौंड हवा काढून टाका, नाहीतर टायर फुटेल. सांगणारा काळजीपोटीच सांगतो. पण उन्हाळ्यात टायर फुटायला सर्वात जास्त कारणीभूत होते ती कमी हवाच.

टायर तापला की आतला दाब वाढतो, हे खरं आहे. पहाटे २५ अंशांना २८ पौंड भरलेली हवा टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर साधारण ३३ पौंड दाखवते. ही वाढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेली असते. कारखान्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, तो याचसाठी. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि परत ताठ होते. या सततच्या दुमडण्याने रबर आणि आतले धाग्यांचे थर आतूनच तापतात, थरांची पकड सुटते आणि टायर फुटतो. खाली तापलेलं डांबर, गाडीत पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान आणि पळासनेरच्या पुढे बिजासन घाटाची चढण असेल, तर काढलेली तीन पौंड हवा फार महाग पडू शकते. वाटेत थांबून गरम टायरची हवा सोडणं तर त्याहून वाईट. टायर थंड झाला की दाब लागतो त्याच्याही खाली गेलेला असतो.

म्हणून हवा सकाळी तपासावी, गाडी किमान तीन तास उभी असताना. कॉम्प्रेसरपर्यंत जायचं अंतर एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर घरीच स्वतःच्या गेजने आकडा पाहून ठेवावा आणि तिथे जाऊन जेवढी कमी तेवढीच भरून घ्यावी. खानदेशात थंडीही तशीच कडक पडते. मे महिन्यात पहाटे २८ अंशांना नीट भरलेली २८ पौंड हवा जानेवारीत ८ अंशांच्या सकाळी २५ वर आलेली असते. ट्यूबमधून हळूहळू झिरपते ती वेगळीच.

मग आकडा घ्यायचा कुठून? टायरच्या बाजूवर छापलेला आकडा बघून तेवढी हवा भरणारे पुष्कळ आहेत. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तुमच्या गाडीला किती लागते, याच्याशी त्याचा संबंध नाही. खरा आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, पण जुन्या गाडीच्या बाबतीत तिथेही एक मेख आहे. फियाट पद्मिनीला मुळात ५.२०-१४ आणि ॲम्बेसेडरला ५.९०-१५ मापाचे आडव्या-तिडव्या धाग्यांचे क्रॉसप्लाय टायर होते. पुस्तिकेतले आकडे त्या टायरचे आहेत. आज बसवलेल्या रेडियलला बहुधा थोडी जास्त हवा लागते. रेडियलची बाजू योग्य हवेतही जराशी फुगलेली दिसते, त्यामुळे नुसत्या नजरेने किंवा लाथ मारून काहीच कळत नाही. एकाच आसावर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीच नको. दोनच रेडियल असतील तर ते मागे लावावेत.

शिरपुरात वजनकाटे आहेत, त्यांचा इथे चांगला उपयोग होतो. नेहमीइतकी माणसं आणि सामान घेऊन आधी पुढची चाकं, मग मागची चाकं काट्यावर चढवून वजन करावं. त्याच्या निम्मं वजन एका टायरवर येतं; तेवढ्याला किती दाब लागतो, हे टायर कंपनीच्या भार-तक्त्यात मिळतं. पडताळा घ्यायला शाळेतला खडू पुरतो. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढून गाडी थोडी सरळ चालवावी. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त आहे, दोन्ही कडांना पुसली गेली तर कमी.

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं चाक उभ्या जागी जड फिरतं, म्हणून काहीजण पुढे ठासून हवा भरतात. स्टिअरिंग हलकं होतं खरं, पण टायर मधोमध झिजतो, रस्त्यावरची पकड घटते आणि जुन्या ड्रम ब्रेकला गाडी थांबवायला अंतर जास्त लागतं. हा सौदा मला पटत नाही.

नायट्रोजन भरला की दाब वाढतच नाही, असंही सांगितलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि कोरडी हवा तापल्यावर जवळजवळ तेवढीच फुगते. नायट्रोजन जरा हळू झिरपतो, एवढाच फायदा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. अशी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते आणि टायरला खाली सपाट डाग पडतो. दर पंधरवड्याला ती थोडी पुढे-मागे सरकवावी. टायरवरच्या उत्पादन-कोडच्या शेवटच्या चार अंकांतून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला ते कळतं, तेही वाचावं. नक्षी कोरी दिसत असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला टायर बदलायलाच हवा, आणि त्यात स्टेपनीसुद्धा आली.