घरातली औषधं : उलटीची गोळी आणि वाकडी झालेली मान

आज उलटीच्या औषधांबद्दल बोलू. उलटी पोटातून येते, पण तिचा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग आहे. रक्तात काही नको ते आलंय का, यावर त्याची सतत नजर असते. उलटीची बरीच औषधं डोपामिन किंवा सेरोटोनिन या रसायनांचा निरोप अडवून काम करतात. पंचाईत अशी, की हीच रसायनं शरीरात आणखीही कामं करतात. दुष्परिणाम तिथेच उगवतात.

मेटोक्लोप्रमाइड घ्या. पेरिनॉर्म, रेग्लान या नावांनी ते मिळतं. हे औषध मेंदूत आतपर्यंत शिरतं, आणि तिथे डोपामिन स्नायूंच्या हालचालींचा तोल सांभाळत असतं. तापात उलट्या होतात म्हणून एखाद्या तरुण मुलीला इंजेक्शन दिलं जातं, उलट्या थांबतात, आणि काही तासांनी मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो. मुलगी पूर्ण शुद्धीवर असते, हे मात्र घाबरलेल्या घरच्यांच्या लक्षात येत नाही. कुणी म्हणतं फिट आली, कुणी धनुर्वात, आणि कुणी तर थेट बाहेरची बाधा. असं झालंच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, लहान मुलांत आणि तरुणांत जास्त. अंगारा लावण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा आणि कोणतं औषध दिलं होतं ते आधी सांगावं. प्रोमेथाझिनसारख्या औषधाच्या इंजेक्शननं मान बहुतेक वेळा थोड्याच वेळात सरळ होते. गंमत म्हणजे घाटात गाडी लागू नये म्हणून आपण जी अव्होमिन घेतो, तिच्यातही हेच प्रोमेथाझिन असतं. (तिची झोप मात्र मुक्कामाला पोचल्यावरही उतरत नाही. गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये.)

मेटोक्लोप्रमाइड महिनोन्‌महिने घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली जडू शकतात आणि औषध बंद केल्यावरही त्या राहू शकतात. म्हणून अमेरिकेनं 2009 मध्ये त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. युरोपनं 2013 मध्ये ते जास्तीत जास्त 5 दिवसच द्यावं असं ठरवलं.

ऑन्डान्सेट्रॉन, म्हणजे एमसेट वगैरे, त्या मानानं सौम्य. केमोथेरपीच्या उलट्यांसाठी आलेलं हे औषध आता मुलांच्या पातळ औषधातही असतं. ते सेरोटोनिनचा निरोप अडवतं, आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असल्यामुळे त्यानं बद्धकोष्ठ होतं. डोकंही दुखतं.

माझी खरी तक्रार आहे ती डॉम्पेरिडोनबद्दल. औषधाबद्दल नव्हे, आपण ते कसं गिळतो त्याबद्दल. 'गॅसची गोळी' म्हणून सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी पॅन-डी बघा. तिच्या नावातला 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन, एका कॅप्सूलमध्ये 30 मिलिग्रॅम. म्हणजे उलटी तर सोडाच, मळमळही होत नसताना माणसं वर्षानुवर्षं उलटीचं औषध घेत असतात. तेही डोपामिनच अडवतं, मात्र मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे मान सहसा वाकडी होत नाही. पण पिट्युटरी ग्रंथी त्याच्या टप्प्यात येते आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं. मग बाळ नसताना दूध येतं, पाळी पुढे जाते, पुरुषांची छाती दुखते किंवा वाढते. या तक्रारी घेऊन माणूस भलत्याच तपासण्या करत फिरतो आणि गोळीचं नाव काढत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं.

हृदयाची गोष्ट याहून गंभीर. क्वचित का होईना, डॉम्पेरिडोननं ठोक्यांची लय बिघडू शकते. साठी ओलांडलेल्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि सोबत क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल चालू असलेल्यांना धोका जास्त. युरोपात 2014 पासून ते शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त देत नाहीत. हे औषध चालू असताना छातीत धडधडलं किंवा भोवळ आली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावं. रोजची गॅसची गोळी घेत असाल, तर पट्टीच्या मागची बारीक अक्षरं आज वाचा. तिथे डॉम्पेरिडोन दिसलं, तर ते कशासाठी दिलंय आणि किती दिवस घ्यायचं, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.