घड्याळ उतरवून अंगठी घालावी का?

परवा सकाळी गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक दवाखान्यात आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक, मुलाने तीन वर्षांपूर्वी पाठवलेले स्मार्ट घड्याळ. दुसरी, त्याच मुलाने या दिवाळीत आणलेली काळी, जाडसर अंगठी. म्हणाले, “डॉक्टर, घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटते. शिवाय रोज रात्री ते चार्जिंगला लावायचे. ही अंगठी पाच-सहा दिवस चालते म्हणे. मग घड्याळ नातवाला देऊन टाकू का?”

प्रश्न साधा होता, तरी मी लगेच ‘द्या’ म्हणालो नाही. कारण सांगतो, पण आधी ही अंगठी काय करते ते पाहू.

फिनलंडच्या ‘ओरा’ कंपनीने २०१५ च्या सुमारास अशी अंगठी बाजारात आणली. बंगळुरूची ‘अल्ट्राह्यूमन’ कंपनीही ती बनवते, आणि जुलै २०२४ मध्ये ‘सॅमसंग’नेही आपली अंगठी काढली. वजन जेमतेम दोन-तीन ग्रॅम. आतल्या बाजूला बारीक दिवे असतात. त्यांचा प्रकाश कातडीतून आत जातो, काही रक्तात शोषला जातो, काही परत येतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्ताची लहानशी लाट येते आणि परत येणारा प्रकाश तेवढ्यापुरता कमी होतो. या लाटा मोजल्या की नाडी कळते. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहत होतो, त्याचेच हे भावंड. त्या चिमट्यामागची कल्पना जपानमधल्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली होती.

घड्याळही हेच करते. मग फरक कुठे? जागेचा. मनगटाच्या वरच्या बाजूला हाडे, केस आणि सैल पट्टा. बोटाच्या दोन्ही बाजूंनी मात्र धमन्या जातात, आणि नीट मापाची अंगठी जागची हलत नाही. त्यामुळे माणूस स्वस्थ असताना, विशेषतः झोपेत, अंगठीची नाडी चांगली लागते. घड्याळ रात्री चार्जिंगला असते, म्हणजे नेमकी हीच वेळ त्याच्याकडून सुटते. अंगठी घालून झोपायला त्रासही कमी.

या विश्रांतीच्या नाडीला मी महत्त्व देतो. प्रौढ माणसाची ती मिनिटाला साधारण ६० ते १०० असते, पण तुमची स्वतःची नेहमीची किती, हे माहीत असणे जास्त उपयोगाचे. नेहमी ६४ असणारी नाडी आठवडाभर ७८ राहिली, तर ताप, रक्तक्षय, थायरॉइड, शरीरातले पाणी कमी होणे, झालेच तर घरातली काळजी, यांपैकी काहीतरी असू शकते. अशा वेळी तो आलेख घेऊन या, मी आवडीने पाहीन.

झोपेच्या बाबतीत मात्र हात राखून बोलतो. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, हे खात्रीने सांगायला मेंदूच्या लहरी तपासाव्या लागतात. अंगठी ते नाडीवरून, हालचालीवरून आणि कातडीच्या तापमानावरून ताडते. एकूण किती तास झोपलात हा अंदाज ठीक असतो, पुढचे फारसे मनावर घेऊ नका. एक भगिनी रोज सकाळी उठून आधी फोनवर झोपेचे गुण पाहतात आणि गुण कमी दिसले की दिवसभर थकल्यासारखे वाटते म्हणतात. त्यांना मी अंगठी महिनाभर डब्यात ठेवायला सांगितले आहे.

आता व्यायाम. इथे अंगठी मागे पडते. सायकलची मूठ घट्ट धरली, पाण्याची कळशी उचलली, डंबेल्स घेतले, की अंगठी दाबली जाते, सरकते आणि नाडीचा आकडा भरकटतो. थंडीत बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हाही तेच. पावलांचीही मौज आहे. यंत्राला पाय दिसत नाहीत, हाताची हालचाल तेवढी कळते. भाकरी थापताना पावले वाढतात आणि भाजीची हातगाडी ढकलत गावभर फिरणाऱ्याची कमी भरतात. रोज दहा हजार पावलांचा आग्रहही कुठल्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. ती मिनिटे मोजायला भिंतीवरचे घड्याळही चालते.

आता मुख्याध्यापकांकडे येतो. गेल्या वर्षी त्यांच्या घड्याळाने ‘नाडी अनियमित आहे’ असा इशारा दिला होता. सर हसतच दाखवायला आले. मी ई.सी.जी. काढला, तर खरोखरच एट्रियल फिब्रिलेशन निघाले. यात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. तेव्हापासून गुठळी होऊ न देणारी गोळी त्यांना चालू आहे.

त्यांच्या घड्याळात एका हाताला घड्याळ आणि दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या बटणावर, असे अर्धा मिनिट धरले की ई.सी.जी.ची एक पट्टी निघते. छातीत धडधडले की ती काढून सर मला पाठवतात. अंगठ्यांपैकी काही नाडीच्या लयीबद्दल इशारा देतात, पण बहुतेकींना अशी पट्टी काढता येत नाही. दुसरे, सर पडले तर घड्याळ मुलाला निरोप पाठवते. घरात दोघेच म्हातारे, त्यात गोळीमुळे रक्तस्राव लवकर थांबत नाही. डोक्याला मार लागला तर एकेक मिनिट मोलाचे. म्हणून म्हणालो, “सर, घड्याळ नातवाला नको. अंगठी रात्री घाला, हवी तर. दिवसा घड्याळच.” खाजेवर उपाय होता. पट्ट्याखाली साबण आणि घाम साचत होता, तो धुऊन कोरडा करणे आणि रबराऐवजी कापडी पट्टा लावणे. पंधरा दिवसांत चट्टा गेला.

ज्यांना असा काही आजार नाही आणि फक्त झोप, नाडी, साधारण हालचाल पाहायची आहे, त्यांनी खुशाल बदल करावा. मात्र घेण्यापूर्वी विचारा, काही अंगठ्यांना दरमहा वर्गणी पडते. आणि एक, छातीत दुखू लागले तर घड्याळ पाहू नका, अंगठीही पाहू नका. दोघांनाही हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही. सरळ दवाखाना गाठा.

याहून मोठी काळजी मला स्वस्त अंगठ्यांची वाटते. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदारांनी मोबाइलवर जाहिरात पाहून साखर आणि रक्तदाब दाखवणारी अंगठी मागवली. सुई नाही, रक्त नाही! पाच महिने ते तपासणीला फिरकले नाहीत, गोळ्याही अर्ध्यावर आणल्या. अंगठी रोज १०० ते ११० दाखवत होती. पायाची जखम भरेना म्हणून आले, तेव्हा बोटातून थेंब घेऊन तपासले तर साखर २८७. तीच अंगठी मी घातली, १०४. नुकताच दोन वडे खाऊन आलेल्या कंपाउंडरने घातली, १०६. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजीच बजावले आहे की, कातडीला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारे घड्याळ किंवा अंगठी वापरू नये, अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दुकानदारांचा अंगठा वाचवायला आम्हाला सात आठवडे लागले.

शेवटी बोटाची काळजी. माप घेताना कंपनी नमुन्याच्या रिकाम्या अंगठ्या पाठवते, त्यातली एक दिवसभर घालून पाहा, कारण संध्याकाळी बोटे थोडी फुगतात. सोनाराकडून ती वाढवून मिळत नाही. ज्यांच्या पायांवर किंवा हातांवर सूज येते त्यांनी घालूच नये. कडबाकुट्टी, मळणी यंत्र किंवा गिरणीच्या पट्ट्याजवळ काम करताना, टेम्पोतून उडी मारताना अंगठी काढून ठेवा. ती कुठे अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, हे मी पाहिले आहे. बोटात अडकून बसली तर हात उंच धरा, थंड पाण्यात बुडवा, साबण लावून हळूहळू फिरवत काढा. सोन्याची अंगठी सोनार सहज कापतो, पण या अंगठ्या बहुधा टायटॅनियमच्या, कडक, आणि आत बॅटरी. तेव्हा त्याच्याकडे न जाता, बोट निळे पडायच्या आत रुग्णालयात या.