नर की मादी, आणि सोबत कोणाची?

उचगावचा मनुष्य बेळगावच्या बाजारास जातो तो भाजी-किराण्यासाठी; परंतु मुले बरोबर असली म्हणजे एखादे दिवशी पिशवीबरोबर पिंजराही घरी येतो. पूर्वी त्यात राघू असे. देशी पोपट पकडणे, विकणे वा पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा असल्याने आता तेथे शेंडीवाला करडा कॉकाटील दिसतो. दुकानदार त्याला ‘कॉकटेल’ म्हणतात. पेयाशी त्याचा काही संबंध नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी.

घरी आल्यावर नाव ठेवायची वेळ येते आणि प्रश्न उठतो, हा राजा की राणी? विक्रेत्याने छातीठोकपणे ‘नरच आहे’ म्हटले तरी आमच्या वाचकांनी त्यावर विसंबू नये. सहा महिन्यांच्या आतील सारी पिले मादीसारखीच दिसतात. पहिली पिसे झडून नवी आली म्हणजे करड्या जातीच्या नराचे तोंड लख्ख पिवळे होते. मादीचे करडेच राहते. तिच्या शेपटीखाली आडवे पट्टे आणि पंखांच्या आतील बाजूस फिकट पिवळे ठिपके कायम राहतात. गालावरील नारिंगी टिकली दोघांसही असते, तेव्हा तिच्यावरून काही ठरत नाही. नर बहुधा शीळ घालतो, चोचीने टकटक करतो, पंख किंचित फाकवून ऐटीत फिरतो. मादी शांत असते. पण बोलघेवड्या माद्याही असतात.

पिवळसर-पांढऱ्या जातीत शेपटीचे पीस उजेडासमोर धरले तर मादीचे फिकट पट्टे दिसू शकतात. ठिपकेदार जातीत मात्र डोळ्यांनी निर्णय होत नाही. तेथे प्रयोगशाळेत मुळासकट पिसे किंवा रक्ताचा थेंब पाठवून डीएनए तपासावा लागतो. गंमत अशी की मनुष्यात भिन्न गुणसूत्रांची जोडी पुरुषाकडे असते, पक्ष्यांत ती मादीकडे.

हे कळणे केवळ नावासाठी नव्हे. मादी नराशिवायही अंडी घालते. चुन्याचे अंश शरीरात कमी पडले तर अंडे अडते आणि पक्षी दगावतो. म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेन टांगावा, संध्याकाळी लवकर कापड घालून बारा तास तरी अंधार द्यावा आणि लपण्याजोगी खोकी ठेवू नयेत. मादी पिसे फुगवून तळाशी बसली व कुंथू लागली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

आता सोबतीविषयी. हा थव्याने राहणारा पक्षी. घरची मंडळी शेतावर, मुले शाळेत, आणि हा दिवसभर एकटा राहिला तर किंचाळतो, स्वतःची पिसे उपटतो. त्यास सोबत हवी खरी, परंतु सोबत म्हणजे लग्न नव्हे! दोन नर पुष्कळदा गुण्यागोविंदाने नांदतात, दोन माद्याही. नर-मादी आणली व खोके टांगले की चार ते सात अंडी येणार. दिवसा नर, रात्री मादी अशी सुमारे तीन आठवडे उबवण चालणार. इतकी पिले कोणास देणार, याचा विचार आधी करावा. भावंडांची जोडी तर लावूच नये. शिवाय पक्ष्यांचा आपसांत जीव जडला की माणसांशी त्यांची सलगी कमी होऊ शकते. ज्यांना ते रुचणार नाही त्यांनी दुसरा पक्षी न आणता रोज तासभर स्वतः जवळ बसावे. चांगली निगा राखली तर हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगतो. आज हट्ट धरणारी मुलगी तोवर सासरी गेलेली असेल.

नवा पक्षी निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा. रोग असल्यास तेवढ्यात बहुधा दिसतो. आपल्याकडील पावसाळ्यात पिंजरा ओसरीच्या वाऱ्यात ठेवू नये आणि स्वयंपाकघरात तर कधीच नको. चुलीचा धूर वाईटच. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो. महिन्यानंतर दोन पिंजरे शेजारी ठेवावेत, मग दोन वाट्यांत राळे घालून आपल्या देखत एकत्र सोडावेत. जुना पक्षी आठवड्यांनंतरही फिसकारत असेल तर पिंजरे निराळेच राहू द्यावेत. एकाने शीळ घातली की दुसरा तिकडून उत्तर देतो.